सहा माणसं आणि चार इंच

"आरटीओवाल्यांनी दुर्बीण लावून बघितलं तरी ही गाडी पास होणार! आणि आहे तशी होणार! एक इंच कमी करणार नाही!"

उन्मेष बिवलकरने हे जाहीर केलं ते फणसवाडीच्या चौकात, भर रविवारी सकाळी, दहाबारा माणसं पेपर वाचत उभी असताना. अशी वाक्यं माणसाने घरात, दार लावून बोलावीत. पण उन्मेषला जीपबद्दल बोलताना आवाज आवरत नसे.

जीप त्याने नाशिकच्या एका द्राक्षबागायतदाराकडून सेकंडहँड घेतली होती आणि आणल्या आणल्या चार इंच उचलून घेतली होती. मग मोठे टायर आले. टपावर आठ दिव्यांची माळ आली. पुढे रेडा ढकलता येईल असला लोखंडी गार्ड आला. शेवटी बाजूने वर जाणारा एक पाईप आला, म्हणजे गाडी नदीत बुडाली तरी इंजिनाला श्वास घेता यावा! फणसवाडी ते फोर्टातलं उन्मेषचं विमा ऑफिस या वाटेत एकही नदी लागत नाही, हे त्याच्या बायकोने, ऋताने, त्याला मोबाईलवर नकाशा उघडून दाखवलं होतं. "आज नाही लागत," असं उन्मेषने तिला सांगितलं होतं.

आता गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. नोंदणीचं नूतनीकरण करायचं, तर निरीक्षकांसमोर गाडी उभी करून पासिंग करून घ्यावं लागतं. आणि कायदा असा, की कंपनीने गाडी जशी बनवली तशी ती हवी. उचललेली, नटवलेली चालत नाही.

"पासिंग झालं तर गाडी राहील," ऋताने चहाचा कप ठेवता ठेवता सांगितलं. "नाही झालं, तर एकतीस तारखेला भंगारात. तीन वर्षं मी त्या गाडीत स्टूल लावून चढते आहे. आता बास!"

ऋता बँकेत होती. तारीख दिली की ती पाळायची, ही तिची सवय होती.

उन्मेष तडक डिलाईल रोडला रामजीभाऊंच्या गॅरेजात गेला. गाडी उचलली होती ती त्यांनीच.

"शेठ, दिवे, गार्ड, पाईप अर्ध्या दिवसात उतरवतो," रामजीभाऊ म्हणाले. "जुने टायर माळ्यावर पडलेत, ते पण चढवतो. पण स्प्रिंगा बदलायच्या तर आठ दिवस गाडी सोडा."

"स्प्रिंगांना हात लावायचा नाही!"

"मग चार इंच वरच दिसणार ना ती."

"खाली दाबता नाही येणार?"

"माल भरा, दबेल आपोआप!" रामजीभाऊ हसले आणि दुसऱ्या गाडीखाली सरकले.

ते गंमत करत होते. उन्मेषला मात्र साक्षात्कार झाला!

घरी येऊन त्याने हा साक्षात्कार वडिलांना सांगितला. अप्पा म्हणजे हेमचंद्र बिवलकर. छत्तीस वर्षं मंत्रालयात कक्ष अधिकारी. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण अजून दूधवाल्याला चिठ्ठी लिहिताना वर 'विषय' आणि खाली 'संदर्भ' घालत. फायलीत कागद कमी पडणं हे त्यांच्या लेखी महापाप होतं.

"रेतीची पोती भरू या का?" उन्मेषने विचारलं.

"रेती दिसली की निरीक्षक विचारणार, रेती कशाला," अप्पा म्हणाले. "माणसं दिसली तर कोण विचारतंय? गाडी किती जणांची?"

"चालक धरून सात."

"म्हणजे सहा माणसं. पूर्णपणे कायदेशीर."

"पण सहा माणसांनी चार इंच दबेल?"

"ते कोणती सहा, त्यावर अवलंबून आहे," असं म्हणून अप्पा आत गेले आणि वाडीच्या आरोग्य शिबिराचं रजिस्टर घेऊन आले. शिबिराचे चिटणीस तेच होते. त्यात वाडीतल्या प्रत्येकाची उंची, रक्तदाब आणि वजन होतं, अप्पांच्या मोत्यासारख्या अक्षरात!

रात्री जेवणापर्यंत सहा नावं निघाली. पहिल्या मजल्यावरच्या आनंदीबाई. त्यांच्या शेजारच्या शैलाताई. व्यायामशाळेत दिवसाचे चार तास काढणारा अनिश. तळमजल्यावरचे दोघे दामले बंधू. आणि भजनी मंडळात पेटी वाजवणारे नाना. अप्पांनी नुसती नावं काढली नाहीत, तर कोण कुठे बसलं म्हणजे गाडी कुठल्या अंगाला किती बसेल, त्याचा तक्ताही आखला, दोन रंगांच्या शाईत.

खरं कारण अर्थात सांगायचं नव्हतं. "गाडीचं पासिंग करू आणि तसेच महालक्ष्मीला दर्शनाला जाऊ," असं उन्मेषने सहाही घरी जाऊन सांगितलं. सगळे हरखले. आनंदीबाईंनी तर ठेवणीतली पैठणी काढली. फक्त शैलाताईंची जाऊ सीमावहिनी फुरंगटल्या. त्या वाऱ्याने उडतील अशा होत्या.

"आम्हाला का नाही बोलावलं?" त्यांनी जिन्यात अप्पांना गाठून विचारलं.

"तुम्ही अजून थोड्या कमी पडता," अप्पा खरं तेच बोलले. सीमावहिनींनी तेव्हापासून त्यांच्याशी अबोला धरला.

गुरुवारी सकाळी सगळे गाडीत बसले. अप्पांनी टेप लावला. एक इंच, दोन, अडीच... शेवटी नाना पेटी मांडीवर घेऊन बसले (महालक्ष्मीपुढे एक अभंग म्हणायचा त्यांचा बेत होता) आणि गाडी बरोब्बर चार इंच खाली! उन्मेषने चौकात अप्पांना मिठी मारली. दिवे गेले, गार्ड गेला, पाईप गेला, पण त्याची उंची शाबूत होती. फक्त ती आज कुणाला दिसायची नव्हती.

वाटेत ऑपेरा हाऊसपर्यंत सगळं ठीक होतं. प्रत्येक खड्ड्याला शैलाताई "अगं बाई!" म्हणत आणि खालून लोखंड "कुईंऽऽ" म्हणे. मागून अप्पा टॅक्सीने येत होते, छातीशी फाईल धरून.

पासिंगच्या मैदानात मात्र घोळ सुरू झाला. पुढे एकवीस गाड्या होत्या! ऊन मी म्हणत होतं. दहा मिनिटांनी आनंदीबाईंनी पदराने वारा घेत विचारलं, "उन्मेष, जरा खाली उतरून पाय मोकळे करू का रे?"

"नको! नको!" उन्मेष ओरडला. "म्हणजे... ऊन फार आहे, काकू!"

"अरे, आत काय सावली आहे?" असं म्हणून त्या उतरल्याच. त्याबरोबर गाडीची डावी बाजू अशी उसळली की उजवीकडचे दामले बंधू एकमेकांच्या कुशीत गेले आणि नानांच्या पेटीतून एक सूर आपोआप निघाला!

पुढचा पाऊण तास उन्मेषने काढला तो गुरं राखणाऱ्यासारखा. आनंदीबाईंना चढवावं तर अनिश लिंबूसरबत प्यायला जाई. अनिशला ओढून आणावं तर शैलाताईंना कुणी माहेरची बाई भेटे. गाडी सारखी वरखाली होत होती. मागच्या रिक्षावाल्याने शेवटी न राहवून विचारलं, "शेठ, गाडीला दम लागलाय काय?"

एकदाचा नंबर आला. खाकी गणवेशातल्या निरीक्षक मानसी जाधव पुढे आल्या. वय पस्तिशीचं, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. सगळे आत होते. गाडी खाली होती.

मॅडमनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चासी नंबर बघितला. इंडिकेटर लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला. मान हलवली.

"एवढी माणसं का आणली?" त्यांनी सहज विचारलं.

"देवदर्शन, मॅडम! इथूनच महालक्ष्मी!"

"बरं. कागद द्या."

झालं! जिंकलं! उन्मेषला मनातल्या मनात दिव्यांची माळ परत टपावर चढताना दिसली. तेवढ्यात सावलीत थांबलेले अप्पा लगबगीने पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी, वाकून, फाईल मॅडमच्या हाती दिली.

मॅडमनी फाईल उघडली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "वा! इतकी नीट फाईल मी नोकरीत बघितली नाही."

अप्पांची छाती भरून आली. तेरा वर्षांत त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं.

"सहपत्र अ, नोंदणी पुस्तिका," मॅडम पानं उलटत म्हणाल्या. "सहपत्र ब, विमा. सहपत्र क..."

त्या थांबल्या. उन्मेषला कळेना, 'क' कुठून आलं?

"सहपत्र क," मॅडम मोठ्याने वाचू लागल्या. "सदर वाहन तपासणीच्या वेळी चार इंच खाली बसविण्यासाठी आवश्यक व्यक्ती, त्यांची वजने व आसनव्यवस्था."

उन्मेषने वडिलांकडे बघितलं. अप्पा निरागसपणे म्हणाले, "प्रकरणाशी संबंधित कागद होता. फायलीबाहेर कसा ठेवणार?"

"एक. अनिश, एकशे चार किलो," मॅडम वाचत होत्या.

"जुनं आहे, मॅडम!" अनिश मागून अभिमानाने ओरडला. "आता एकशे नऊ!"

"दोन. आनंदीबाई, ब्याण्णव."

आनंदीबाई गेली दहा वर्षं साऱ्या वाडीला अडुसष्ट सांगत आल्या होत्या.

"ब्याण्णव?" शैलाताई हळूच म्हणाल्या.

"तीन. शैला, नव्वद."

"हे बघा!" आनंदीबाई म्हणाल्या.

"आम्हाला वजन म्हणून आणलं?" थोरले दामले गरजले. "आणि आम्ही घरून हार घेऊन आलोय देवीला!"

"सगळे खाली उतरा," मॅडम म्हणाल्या.

मग एकेक जण उतरत गेला, आणि एकेकाबरोबर गाडी वर वर येत गेली. अनिश उतरला, एक इंच. दामले बंधू उतरले, आणखी एक. शैलाताई, आनंदीबाई. शेवटी नाना पेटीसकट उतरले आणि गाडीने पूर्ण उंच होऊन "हुश्श" केलं. मैदानातल्या रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या!

मॅडम वाकून स्प्रिंगा बघत होत्या. "डिलाईल रोडचं काम दिसतंय. मी तिथल्याच चाळीत वाढले. वडील गिरणीत फिटर होते," त्या म्हणाल्या. "काम चांगलं आहे. पण नियमात नाही. उंच गाडी वळणावर कलंडते, ब्रेक लागायला वेळ घेते. आणि हे सहा जण आत असते त्या वेळी! गाडी मूळ अवस्थेत आणा, मग पास करते." मग त्या अप्पांकडे वळल्या. "काका, फाईलचं मात्र कौतुक हं."

सहाही जण तिथूनच टॅक्स्या करून घरी गेले. दर्शन नाही, काही नाही. जाता जाता आनंदीबाईंनी उन्मेषकडे अशी नजर टाकली की त्याला आपलं लहानपण आठवलं.

दुसऱ्या दिवशी उन्मेष रामजीभाऊंसमोर उभा राहिला. "उतरवा," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचे डोळे भरून आले. उंची ठेवली तर गाडी जाणार, गाडी ठेवायची तर उंची जाणार. तीन वर्षं तो सिग्नलला बाकीच्या गाड्यांकडे वरून बघत आला होता. आता उरलेल्या मुंबईसारखं समोर बघत चालवावं लागणार होतं!

अठ्ठावीस तारखेला गाडी पुन्हा मैदानात गेली. रिकामी. सोबत अप्पा, आणि फायलीत फक्त अ आणि ब. मॅडमनी सात मिनिटांत पास केली.

गाडी वाचली! उन्मेष हॉर्न वाजवतच वाडीत शिरला. ऋता खाली आली. तिने गाडीकडे बघितलं, दार उघडलं आणि पाय उचलून सरळ चालकाच्या जागेवर बसली.

"अगंबाई, ही तर माणसांची गाडी आहे!" ती म्हणाली. तिने आरसा हलवला, सीट पुढे घेतली, गिअर घालून बघितला. "दे किल्ली."

"तू चालवणार?"

"तीन वर्षं लायसन्स नुसतं पाकिटात ठेवलंय, स्टुलाशिवाय चढता येईल अशी गाडी नव्हती म्हणून. आणि तू तोंड लपवून बसला होतास, तेव्हा सहाही घरी जाऊन माफी मागून आले मी. आज महालक्ष्मीला नेणार आहे त्यांना. या हो सगळे!"

जिन्यावरून पैठणी, हार आणि पेटी खाली आली. सगळे हसतखिदळत चढले, कुणालाही स्टूल लागलं नाही. उन्मेषही मागच्या दाराशी गेला आणि एक पाय आत टाकला.

"उन्मेष, गाडी कितीची?" ऋताने आरशातून विचारलं.

"चालक धरून सात."

"मोज."

उन्मेषने मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"कायद्याने चालावं रे माणसाने," आनंदीबाई आतून म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं.