नव्या कर्नलने अडवलेली डिस्क

मी संगणकांचा गुप्तहेर. मी स्क्रीनकडे नुसतं रोखून पाहिलं, तरी बिघाडाला घाम फुटतो. ताईच्या फोटो स्टुडिओतला संगणक मीच सांभाळतो. ताई त्याला ‘बिघडवतो’ म्हणते, पण सख्ख्या बहिणीची साक्ष मी ग्राह्य धरत नाही.

त्या सकाळी मी संगणकाच्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलून नवा बसवला. दुपारी एक नवरी लग्नाचे फोटो न्यायला आली. बाहेर टॅक्सी, टॅक्सीत नवरा, नवऱ्याच्या मांडीवर बॅगा. दोघं विमानतळावर निघालेले. फोटो संगणकाला जोडलेल्या छोट्या डिस्कवर भरले होते, पण संगणक डिस्क सोडेना. ‘डिस्क कामात आहे’ हा एकच धोशा.

“ओढून काढू?” नवरीने विचारलं.

“खबरदार! संगणक थोडं लिखाण हातचं राखून ठेवतो. डिस्क रीतसर सोडवली नाही, तर फोटोत तुम्ही याल, नवरा येणार नाही.”

नवरी मटकन खाली बसली.

“हा नव्या कर्नलचा कट आहे,” मी जाहीर केलं.

“जुन्या कर्नलची बदली केलीतच कशाला?” शेजारी उभे असलेले दाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर मिशीवाला लष्करी अधिकारी होता. “नवा माणूस कडकच असणार. जरा गोडीने बोला त्याच्याशी.”

मी संशयितांकडे वळलो. प्रिंटरची वायर उपटली. दाजींचा मोबाइल जप्त केला. माउसवर संशय आला म्हणून तोही काढला, मग पुढचा तपास कीबोर्डवरच करावा लागला. शेवटी डिस्कचा कानाकोपरा धुंडाळण्याचा हुकूम सोडला. स्क्रीनवरच्या काळ्या चौकटीत ओळी धावू लागल्या, डिस्कचा दिवा फडफडू लागला.

“बघा! चोर आत पळतोय!”

बाहेर हॉर्न वाजला. नवरी रडायच्या बेतात आली. तेवढ्यात आतून ताई आली. तिने दिवा पाहिला, काळी चौकट पाहिली, मला खुर्चीवरून उठवलं आणि चौकट बंद केली. दिवा शांत झाला. तिने डिस्क सोडवायला सांगितली. संगणकाने निमूट सोडली. फोटो उघडून पाहिले. नवरा होता. नवरी डिस्क घेऊन धावत सुटली.

“चोर कोण होता?” मी विचारलं.

“आधी संगणक डिस्कवर राहिलेलं लिहीत होता, जरा थांबायचं होतं. नंतर आत तूच हिंडत होतास.”

“आणि कर्नल?” दाजींनी विचारलं.

“निर्दोष.”

मी लगेच स्वतःला कोपऱ्यात घेऊन कसून चौकशी केली. पण पठ्ठ्याने शेवटपर्यंत कबुली दिली नाही.