पाहणीअंती मुलगी बोलली

"चिमणीला बोलतं करायचं ना? माझ्यावर सोड! अशी बोलायला लागेल, की 'बाई गं, गप्प बस' म्हणायची पाळी येईल तुझ्यावर!"

सर्व्हेअरसाहेबांनी जेवता जेवता हे जाहीर केलं, तेव्हा बायकोनं नुसतं वर पाहिलं. लग्न मुरलं की बायका नुसतं वर पाहतात. बाकीचं ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

साहेबांचं काम विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्याचं. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की हे जाणार, चारी बाजूंनी फिरून बघणार, फोटो काढणार आणि नुकसान खरं की बनाव, नवं की जुनं, भरपाई द्यायची की नाही ते ठरवणार. घरात तीन वर्षांची लेक, चिमणी. नाव चिमणी, पण चिवचिवाटाच्या नावानं शंख! पाणी हवं, बोट. बाहुली हवी, बोट. झोप आली, तर स्वतःच्याच डोळ्याकडे बोट. तिच्या तोंडून एकदा 'बाबा' ऐकायला साहेबांचा जीव तळमळायचा. पण पुरुषमाणूस, बोलणार कुणापाशी?

त्यात बालवाडीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "चार शब्द बोलायला लागू दे, मग आणा. नाहीतर पुढच्या वर्षी." आणि चिमणी बालवाडीत गेली, तरच तिची आई दवाखान्यातल्या नोकरीवर परत जाऊ शकणार होती. तिथे तिची जागा कशीबशी अडवून ठेवली होती.

"चित्रांची कार्डं दाखवते की मी रोज," आई म्हणाली.

"अगं, त्या चित्रांत दम नाही! ससा बसलाय. बसलाय तर बसू दे! छत्री उघडलीय. बरं! यात बोलण्यासारखं आहे काय? माणसाचं तोंड उघडतं कधी? काहीतरी बिघडल्यावर! नळ धड चालू असेल तर कुणी नळाचं नाव तरी काढतं का?"

आईला हे पटेना.

त्या संध्याकाळपासून साहेब लेकीला मांडीवर घेऊन फोनमधले कामाचे फोटो दाखवू लागले. चेपलेल्या गाड्या, तडे गेलेल्या भिंती, फुटलेल्या काचा. चिमणी डोळे विस्फारून बघायची. आणि एके दिवशी तिनं एका गाडीच्या तोंडावर बोट ठेवलं, मान वर केली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "चेपली!"

आई हातातलं पातेलं तसंच घेऊन धावत आली. साहेबांनी लेकीला उचलून घरभर नाचवलं.

मग काय विचारता! बांधच फुटला! कपाटाला चरा. भिंतीला ओल. बादली गळते. बिजागरीला गंज. चिमणी हात पाठीमागे बांधून घरभर पाहणी करत फिरायची आणि शेजारची काकू आली, तर तिच्या चपलाही तपासायची.

"अहो, एखादी धड वस्तूपण दाखवा की तिला!" आई म्हणाली.

"आधी पाया पक्का होऊ दे गं!"

पाया घेऊन तिघं बालवाडीत गेली. बाई प्रेमळ होत्या. त्यांनी ठेंगण्या टेबलावर गाडीचं चित्र ठेवलं.

"हे काय आहे, बाळा?"

चिमणीनं चित्र नीट पाहिलं. उलटं करून मागची बाजूही पाहिली. "ठोकली नाही," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "अजून."

बाईंनी घराचं चित्र दिलं.

"आतून ओल."

बाईंनी बाकावर बसून हसणाऱ्या आईबाबांचं आणि बाळाचं चित्र दिलं.

"कोण पडलं?" चिमणीनं विचारलं.

"कुणी नाही गं. हसतायत ते."

"काच फुटली?"

"नाही गं!"

"मग?" म्हणून चिमणीनं चित्र परत केलं.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आईला हळूच खिडकीपाशी नेलं. "ताई, घरात रोज फोडाफोडी होते का? घाबरू नका, मोकळेपणानं सांगा."

साहेब ताडकन उठले. "बाई, गैरसमज होतोय! हे सगळं मी दाखवतो तिला. रोज संध्याकाळी!"

"रोज?"

"कामावरून आल्या आल्या! हे बघा ना!" साहेबांनी फोन पुढे केला. जळकं स्वयंपाकघर. उताणी पडलेली मोटरसायकल.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "हे तुम्ही...?"

"मीच! म्हणजे, फोटो मी काढले. केलं दुसऱ्यांनी!"

"आणि ते दुसरे तुमच्या ओळखीचे?"

"छे हो! ते माझ्या मागे लागतात, पैसे द्या म्हणून!"

"अहो," आई कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही आता एक शब्द बोलू नका." आणि तिनं साहेबांचा व्यवसाय दोन वाक्यांत सांगून टाकला.

बाई इतक्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. "शब्द भरपूर आहेत हो मुलीकडे. पण माणसांना हाक मारते का? तेवढं बघू द्या." त्यांनी साहेबांकडे हात केला. "बाळा, हे कोण?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. चिमणी खुर्चीवरून उतरली आणि हात मागे बांधून साहेबांभोवती सावकाश फिरू लागली. साहेब पोट आत ओढून ताठ उभे राहिले.

फेरी पुरी झाली. ती समोर थांबली आणि तिनं वर पाहिलं.

"बाबा."

साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लाजबीज सगळी गेली. "ऐकलंस का गं?" ते म्हणाले. आईनं मान हलवली.

"सोमवारपासून पाठवा तिला," बाई म्हणाल्या.

साहेबांनी हुश्श करून श्वास सोडला आणि त्याबरोबर पोट आपल्या जागी परत आलं. चिमणीनं ते बोटानं दाबून पाहिलं.

"पुढून फुगला."

"अगंबाई!" बाई हसू दाबत म्हणाल्या. "मग आता काय करायचं गं याचं?"

चिमणीनं गंभीरपणे मान हलवली.

"जुनंच आहे. भरपाई नाही."