अपसव्य टायर

ज्याने सात वर्षे कुंभकोणमच्या पाठशाळेत न्यायशास्त्र घोकले, त्याला मोटारसायकलचे टायर निवडणे काय कठीण, असे सुधींद्राने शनिवारी सकाळी जाहीर केले. त्याची पत्नी हरिणी हिने ते ऐकले आणि सांबारातली डाळ अधिक जोराने घोटली.

सुधींद्र शोळिंगनल्लूरच्या एका बँकेत अधिकारी होता. आयुष्याची वीस वर्षे बसच्या दांडीला लोंबकळून काढल्यावर त्याने रस्ता आणि रान, दोन्हींसाठी घडवलेली एक उंच मोटारसायकल घेतली होती. तिच्यावर आरूढ झाला की रिक्षांची टपे त्याच्या गुडघ्याखाली येत, आणि कचेरीत पोहोचेपर्यंत त्याला आपण कोणी मांडलिक राजे आहोत असे वाटे. रानाचे म्हणाल, तर चार वर्षांत ते एकदाच घडले होते. एका लग्नाच्या मांडवामागे चिखल होता, तेथे गाडी लावावी लागली होती.

मात्र गेल्या मंगळवारी तोरैपाक्कमच्या सिग्नलपाशी, पावसाने भिजलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पुढचे चाक घसरले आणि पतिपत्नी दोघेही रस्त्यावर बसते झाले. हरिणीचा गुडघा सोलवटला. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, की ही गाडी विका. दुसऱ्या मजल्यावरच्या जनकोजींनी ती घ्यायला तत्काळ होकार दिला, नवे हेल्मेटही आणले. शनिवारी चार वाजता ते गाडी न्यायला येणार होते.

सुधींद्राने चार दिवस चिंतन करून दोष टायरांचा ठरवला. चिखलासाठी केलेले ते रबरी उंचवटे ओल्या डांबराला जेमतेम टेकतात. रस्त्याचे टायर घातले की संकट टळेल. चारच्या आत त्याच पट्ट्यांवरून तुला नेऊन आणतो, भ्यालीस तर गाडी जनकोजींची, असे त्याने हरिणीला वचन दिले. ती बरे म्हणाली.

सिग्नलजवळच राममूर्तीचे टायरचे दुकान होते. राममूर्ती तंजावुरी मराठी बोलणारा, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, अत्यंत भाविक कारागीर. त्याने अर्धा रस्ता अर्धे रान असलेले टायर दाखवले. सुधींद्राने मान हलवली. अखेर जवळजवळ गुळगुळीत, पाणी बाहेर टाकणारे तिरपे चरे असलेली जोडी पसंत पडली. निवड निर्दोष होती. येथेच तो थांबता, तर ही कथा सांगावी लागली नसती.

मागचे चाक बसले. पुढचे बसले, तेव्हा दीड वाजला होता. गाडीच्या डाव्या अंगाला बाक होते. त्यावर बसलेल्या सुधींद्राची दृष्टी टायरवर कोरलेल्या बाणाकडे गेली. चाक कोणत्या दिशेने फिरावे हे सांगणारा तो बाण, घड्याळाच्या काट्यांच्या अगदी उलट जात होता.

"राममूर्ती, हे अपसव्य झालं," तो गंभीरपणे म्हणाला.

राममूर्तीने बाण पुढच्या दिशेला असल्याचे परोपरीने सांगितले. परंतु देवळातली प्रदक्षिणा, जाते, घड्याळ, सारे ज्या दिशेने फिरते तिच्याविरुद्ध चाक फिरवून कोणाचे कल्याण झाले आहे, असा प्रश्न आला तेव्हा त्याचा हात थबकला. मंगळवारच्या अपघाताचा दाखला आल्यावर तर त्याला घाम फुटला.

"सार, बावीस वर्षं मी असेच टायर बसवतोय," तो पुटपुटला.

त्याने चाक उतरवले आणि टायर उलटा चढवला. तोवर बाकावरच्या गिऱ्हाइकांनी सगळे ऐकले होते. जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्याने आपल्या गाडीचा बाण पाहिला, आणि तोही अपसव्य निघाला. मग एका प्राध्यापकाचा, मग कोवलमहून मासळी आणणाऱ्याचा. सर्वांचीच चाके अमंगल. तासाभरात दुकानासमोर आठ गाड्या ठोकळ्यांवर चढल्या, आणि सुधींद्र एकेकाला बाकावर बसवून बाण दाखवू लागला.

सव्वातीनला हरिणी आली. मागोमाग हेल्मेट काखोटीला मारून जनकोजीही आले. आभाळ भरले होते. डाव्या बाजूला पाऊल ठेवायला जागा नव्हती, म्हणून हरिणी गाडीच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. सुधींद्राने बाण आता कसा प्रदक्षिणेने जातो आहे, ते तिला पलीकडूनच समजावले.

"इकडून तर उलटाच दिसतो," ती म्हणाली. "तुम्ही इकडे येऊन पाहिलंत का?"

सुधींद्र वळसा घालून गेला. राममूर्तीने चाक हाताने फिरवले. एका अंगाने सव्य, तेच दुसऱ्या अंगाने अपसव्य. आठ गिऱ्हाइकांनी सुधींद्राकडे अशा दृष्टीने पाहिले, की त्याला एकदम बँकेची, बसची, कशाचीही आठवण सुखद वाटू लागली.

जनकोजींनी घड्याळ पाहिले. हरिणीने राममूर्तीला विनवले, आणि आधी याच गाडीचे चाक सुलटे करून या गृहस्थांना येथून हलवावे, यावर सर्व गिऱ्हाइकांचे एकमत झाले. चाक बसले तेव्हा चारला दहा मिनिटे होती आणि पावसाची भुरभुर सुरू झाली होती. जनकोजी बाकावर बसून राहिले.

हरिणी मागे बसली, गाडी निघाली आणि सिग्नल आला. त्याच पांढऱ्या पट्ट्या, तसेच चकाकणारे पाणी. सुधींद्राने ब्रेक दाबला. गाडी केसभरही न घसरता, सोवळ्यातल्या भटजीसारखी जागच्या जागी स्थिर उभी राहिली.

सुधींद्राचे हृदय भरून आले. दिवा हिरवा झाला, गाडी सुटली, आणि चऱ्यांतून पाणी कसे निसटते ते हवेत रेखाटून दाखवण्यासाठी त्याने डावा हात उचलला. हरिणीने मागून त्याचे मनगट धरले आणि हात पुन्हा मुठीवर ठेवला.

"टायर चांगले आहेत. गाडी राहू दे," ती म्हणाली. "पण मंगळवारीसुद्धा हाच हात वर होता. चार पुरुषार्थ बोटांवर मोजत होतात. मोक्षाला पोहोचलात आणि आपण पडलो."

सुधींद्राने पुढचे वळण दोन्ही हातांनी घेतले. मग त्याने हळूच विचारले, "मग तू गाडी विकायला का निघालीस?"

"तुम्हांला कोण विकत घेणार?"