उशीवरचा पखवाज

“कथा कुठवर आली, सुगंधाताई?” अंबादास सरांनी फोनवर विचारलं, आणि सुगंधाबाईंच्या हातातलं अळूचं पान देठापाशीच थबकलं.

कथा कुठवरही आली नव्हती. ती निघालीच नव्हती. छोट्या छोट्या अंकांतून इतकी वर्षं लिहिल्यावर पहिल्यांदाच एका मोठ्या दिवाळी अंकाने आपणहून कथा मागितली होती, आणि नेमकी आताच डोक्यात पोकळी. पण संपादकाला असं सांगतात का कुणी? समोर शेजारची व्हायोलेट वालाचे दाणे सोलत बसली होती, खालच्या मजल्यावरची शकु विरजण मागायला येऊन अर्ध्या तासापासून दारातच टेकली होती. त्यांच्याकडे बघता बघता सुगंधाबाईंच्या तोंडून निघून गेलं, “काय सांगू सर, घर म्हणजे नुसता एसटी स्टँड. सारखं कुणी ना कुणी दारात. एक ओळ धड होऊ देत नाहीत!”

“सोमवारपर्यंत बघा. नाहीतर ती पानं दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतील.” फोन ठेवला गेला.

व्हायोलेट आणि शकु काही मनावर घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या गप्पा पुढे सुरू झाल्या. पण आतल्या खोलीत पेपर वाचत पडलेले त्यांचे यजमान काशीराम ताडकन उठून बसले होते.

काशीराम म्हणजे साकीनाक्याच्या एका कारखान्यातल्या कामगार संघटनेचे सरचिटणीस. त्यांनी कँटीनच्या वरणात डाळ आणली होती, पाळीच्या वेळा बदलून घेतल्या होत्या, एका साहेबाला जिन्यावर घेराव घालून पंखे बसवून घेतले होते. निवृत्त होऊन दहिसरच्या या जुन्या तीनमजली इमारतीत बसल्यापासून मात्र त्यांच्याकडे एकही मागणी उरली नव्हती. इतकी वर्षं जगाच्या अडचणींसाठी धावलो, आणि आपल्याच घरात एका श्रमिकाची ही पिळवणूक? त्यांनी चपला घातल्या आणि ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यापाशी फळा लागला. ‘दुसऱ्या मजल्यावर साहित्यनिर्मिती सुरू आहे. बेल वाजवू नये. हाका मारू नयेत. आदेशावरून, लेखन सहकार्य समिती.’

“अहो, हे काय?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“तू एक अक्षर बोलायचं नाहीस. तू फक्त लिहायचं. बाकीचं समिती बघेल.”

“समितीत कोण कोण आहे?”

“सध्या मी. पण पाठिंबा एकमुखी आहे.”

आणि खरोखरच पाठिंबा एकमुखी होता. ही माणसं भांडली तर नळावर भांडतील, पण आपल्यातल्या कुणाचं नाव छापून यायचं असेल तर जीव टाकतील. जेवणाची पाळी लागली. सकाळचा डबा शकुकडून, संध्याकाळचा व्हायोलेटकडून. डबे दाराबाहेर मुकाट ठेवले जायचे. कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून घराघरांत पातेल्यात भात शिजू लागला. भाजीवाला खालून हाळी घालायचा बंद झाला आणि प्रत्येकीला मिस्ड कॉल देऊ लागला. खाली अंगणात तळमजल्यावरच्या राजारामच्या भजनी मंडळाची गणपतीची तालीम चालायची. सुगंधाबाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं तर राजाराम मांडीवर उशी घेऊन तिच्यावर पखवाज वाजवत होता, आणि समोरचे चौघे तोंड उघडून, आवाज न काढता, अभंग म्हणत होते.

वर नजर जाताच राजारामने हात जोडले. कुजबुजत म्हणाला, “वैनी, तुमी लिवा. आमचा काय्येक नाय. देवाक मनातला आयकाक येता.”

सुगंधाबाई टेबलाशी जाऊन बसल्या. कोरा कागद. पंख्याची घरघर. काशीरामनी तीही ऐकली आणि पंखा बंद केला.

आता कोकणातल्या त्यांच्या आईची गोष्ट सांगायला हवी. आई पहाटे जात्यावर बसायची, आणि तिला ओवी सुचायची ती फक्त समोर शेजीण बसली की. एकटी असली तर जातं नुसतं घरघरायचं. ती म्हणायची,

*दळण दळीते गं, शेजी समोर बसली*
*तिच्या घरची गोष्ट माझ्या पिठात मिसळली*

सुगंधाबाईंचंही लिहिणं तसंच होतं. भाजी निवडता निवडता कुणी काही बोलायचं, कुणी बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचं, आणि त्या गप्प होण्यातून यांची कथा उगवायची. ज्यांच्या नावाने त्यांनी संपादकापुढे खडे फोडले होते, त्याच बायका त्यांच्या जात्याच्या खुंट्यावरची दुसरी मूठ होत्या. ही गोष्ट त्यांना स्वतःलाही आत्ताच, या भयंकर शांततेत, कळत होती.

तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. काशीराम आंघोळीला गेल्याचं बघून त्या हळूच व्हायोलेटच्या समोरच्या दाराशी गेल्या आणि नखाने खरवडलं.

“कोण?” आतून दबका आवाज.

“व्हायोलेट, मी गं. उघड.”

“वेडी झालीस काय? जा, लिही जा. तुझ्या नवऱ्याने बघितलं तर माझी वाट लागेल.”

“लिहिते गं. पण मला एवढं सांग, तुझ्या लेकीचं, लिओनाचं काय झालं? त्या दिवशी तू अर्ध्यावरच थांबलीस.”

“तुझी गोष्ट झाल्यावर सांगते.”

“अगं, तू सांगितल्याशिवाय माझी गोष्ट कशी होणार?”

“हे बघ, तुझं ते मोठं बोलणं मला नाय समजत,” व्हायोलेट कुलपाच्या भोकातून म्हणाली. “संध्याकाळी बोंबिल पाठवते. बोंबलाने डोकं चालतं.”

हताश होऊन त्या परतल्या तर काशीराम टॉवेल गुंडाळून दारात उभे. सुगंधाबाईंनी ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. “अहो, ऐका ना. हे सगळं थांबवा. मला…”

“थांबवू?” काशीराम हसले. केसांतून पाणी निथळत होतं. “अगो, तीस वर्षं लोकांसाठी घसा फोडला. तू दोन दोन डबे भरून मला मोर्चाला पाठवलंस, आणि रात्री ओट्याशी उभी राहून लिहिलंस. तुझ्यासाठी म्हणून मी कधी काय केलं? हे पहिलंच. तेवढं करू दे मला.”

सुगंधाबाईंनी नुसती मान डोलावली आणि त्या पुन्हा कोऱ्या कागदापुढे जाऊन बसल्या.

शुक्रवारी मात्र त्यांनी युक्ती काढली. घरात गहू होता. पीठ तर लागणारच. “साहित्यिकाने दळण आणायचं?” असं काशीराम म्हणेपर्यंत त्या डबा घेऊन जिना उतरल्याही होत्या. गिरणीत बाकड्यावर बायका, पट्ट्याची खटखट, पिठाची उबदार धूळ. सुगंधाबाईंचे कान तहानलेल्या जमिनीसारखे झाले. शेजारची एक अनोळखी बाई दुसरीला सांगत होती, “मग माझी सासू काय म्हणाली असेल?” आणि सुगंधाबाई पुढे झुकल्या.

“वहिनी! तुम्ही इथे?”

दारात शकु. डोळे मोठे, हातात ज्वारी.

“लिहिणं सोडून तुम्ही दळणाला? आम्ही तिकडे आठवडाभर चोरासारखे चालतोय! माझ्या पोराला मी खोकू देत नाही!”

गिरणीतल्या सगळ्या माना वळल्या. आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच सुगंधाबाईंनी केलं. त्या म्हणाल्या, “झाली. कथा झाली ना! म्हणून तर आले.”

“झाली?” शकु किंचाळली. ज्वारी तिथेच ठेवून ती पळत सुटली.

सुगंधाबाई पिठाचा डबा घेऊन घरी पोचल्या तेव्हा फळ्यावरचा मजकूर बदलला होता. ‘रविवारी संध्याकाळी गच्चीवर कथावाचन. सर्वांनी उपस्थित राहावे. नंतर बटाटावडे.’

शनिवार कसा गेला ते त्यांना कळलं नाही. सुचण्यासाठी त्यांनी देव्हाऱ्यापुढे बसून पाहिलं, नदीच्या पुलावर जाऊन पाहिलं, शेवटी काही नाही तर निदान जुनीच एखादी कथा वाचावी म्हणून कपाट उघडलं. पण जुन्या सगळ्या कथा काशीरामनी शेजाऱ्यांना कधीच वाचायला वाटून टाकल्या होत्या, त्या सगळ्यांना पाठ होत्या.

रविवारी गच्ची भरली. खुर्च्या, सतरंजी, भाड्याचा माइक. राजारामने हार आणला होता. काशीरामनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते पहिल्या रांगेत असे बसले होते, जणू व्यवस्थापनाने सगळ्या मागण्या मान्य केल्या आहेत. सुगंधाबाई कोरे कागद छातीशी धरून उभ्या राहिल्या. समोरच्या तोंडांवर आठवडाभराची साठलेली शांतता होती.

“एका इमारतीत,” त्यांनी सुरुवात केली, कारण कुठून तरी करायलाच हवी होती, “एक बाई राहत होती. तिला एकच मुलगी होती.”

पुढे काय? पुढे त्यांनाही ठाऊक नव्हतं. “त्या मुलीला… एक मुलगा आवडला.”

“ए!” तिसऱ्या रांगेतून व्हायोलेट उठली. “हे तुला कोणी सांगितलं?”

“कुणी नाही गं. गोष्ट आहे.”

“गोष्ट कसली, माझी लिओना आहे ती! आणि नुसतं आवडला काय म्हणतेस? साखरपुडा ठरला गुरुवारी! तुम्हाला सांगायला आले तर सगळीकडे आपलं श्श श्श! पेढे घरात तसेच पडलेत!”

“साखरपुडा?” शकु उठली. “आणि आम्हाला पत्ता नाही? कोण मुलगा? तो जिमवाला?”

“जिमवाला गेला कधीच! हा गोराईचा, बँकेत आहे.”

“आणि माझं कुणी ऐकलं का?” शकुचा आवाज चढला. “माझी सासू बुधवारी भांडून कांजूरमार्गला नणंदेकडे गेली! मला रडायचं होतं, पण आवाज करायचा नाही ना! उशीत तोंड घालून रडले!”

“उशीचा माका इचारा,” राजाराम म्हणाला. “पखवाज इसारलय मी. आता बोटां कापसावरच चलतत.”

मग धरण फुटलं. कुणाची मोलकरीण काम सोडून गेली होती, कुणाच्या पोराला नोकरी लागली होती, एकाच्या घरात पातेल्यातला भात रोज करपत होता. जो तो शेजारच्याचा हात धरून सांगत होता, आणि ऐकणारा मध्येच तोडून स्वतःचं सांगत होता. काशीराम खुर्चीवर चढले. “शांतता! शांतता राखा! कथावाचन चालू आहे!”

“अहो, गप्प बसा!”

माइक चालू होता. सुगंधाबाईंचा आवाज पार दहिसर चेकनाक्यापर्यंत गेला असावा. “बोलू द्या त्यांना! यांच्या बोलण्याशिवाय मला एक अक्षर सुचत नाही!” त्यांनी कागद उलटे करून दाखवले. पुढून कोरे, मागून कोरे.

गच्ची एकदम चिडीचूप झाली. काशीराम हळूहळू खुर्चीवरून उतरले. कागदांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. इस्त्रीच्या सदऱ्यात ते अचानक लहान दिसू लागले.

“मग सांगायचं ना, गो.”

“तुम्ही एवढ्या हौसेने करत होता.”

काशीराम पुढे झुकून तिलाच ऐकू येईल असं म्हणाले, “खरं सांगू? मलापण करमत नव्हतं. दार वाजलं नाही की वाटतं, मेलो बिलो की काय आपण.”

पण माइक अजून चालूच होता. पहिल्यांदा शकु खुदकन हसली. मग सगळी गच्ची हसली, वडे आले, व्हायोलेटचे पेढे आले, आणि राजारामने खऱ्या पखवाजावर अशी थाप मारली की पलीकडच्या टॉवरमधले लोक बाल्कनीत आले. सुगंधाबाई वड्यांच्या टोपल्यापाशी बसून ऐकत राहिल्या. एका कागदाला तेलाचा डाग पडला, तरी त्याच्यावरच त्यांनी पहिली ओळ लिहिली.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात, शकु मेथी निवडत असताना आणि व्हायोलेट ‘हे असं नव्हतं, मी सांगते’ म्हणत असताना, कथा पुरी झाली. दोघींना वाचून दाखवली आणि अंबादास सरांना पाठवली. दोन दिवसांनी फोन आला. सुगंधाबाईंचे हात पुरणात, म्हणून शकुने स्पीकर लावला.

“कथा फार छान उतरलीय, ताई. घेतली. फक्त एक सुचवू? ती एक बाई सारखी मधे मधे येऊन बोलते बघा. तिचं काही काम नाही कथेत. तिला काढून टाकूया.”

“कोणाला काढता?” ओट्याशी बसलेली व्हायोलेट कडाडली.

“कोण बोलतंय?” पलीकडून सर म्हणाले.

“तीच बाई.”

अंबादास सर खोकले. कागद चाळल्याचा आवाज आला. “बरं… बरं. राहू द्या मग. आहे तशीच छापतो.”

“छापा,” व्हायोलेट म्हणाली. “पण तिला लठ्ठ म्हटलंय ना, तेवढं मात्र काढा.”