उडत्या शिरेचा रिपोर्ट

दाढी करता करता गुरुनाथ सबनिसांची छाती एकदम पळत सुटली.

"अगं उल्का, सुरू झालं! रिक्षा बघ!"

उत्तरेत बदली होऊन आल्यापासून दोन वर्षं हेच चाललं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबायची आणि डॉक्टर म्हणायचे, "नाडी बहात्तर. वहम है जी. चालू हो तब आना."

"अहो, आज तरी टिकवून धरा," रिक्षात उल्काताई म्हणाल्या.

चौकात पोलिसांचा नाका होता. आदल्या आठवड्यातच बाजारात स्फोट झाला होता. रायफली रोखलेल्याच होत्या. इन्स्पेक्टर रिक्षात वाकला. गुरुनाथांच्या गळ्याची शीर बेडकाच्या गळ्यासारखी उडत होती आणि ऐन जानेवारीत कपाळावर घाम होता.

"उतरो. डर किस बात का?"

"बीमार हैं जी," उल्काताई म्हणाल्या.

इन्स्पेक्टरने मनगट धरलं. मोजताना त्याचे आकडे चुकले. "मुन्शीजी, सब लिखो!"

म्हातारे हवालदार मुन्शीजी वही गुडघ्यावर ठेवून लिहू लागले. रायफल आणखी जवळ आली. गुरुनाथांचे डोळे फिरले, तसं एका जवानाने बादलीतलं बर्फासारखं पाणी त्यांच्या तोंडावर मारलं.

छातीत एक गचका बसला आणि धडधड थांबली.

इन्स्पेक्टरने पुन्हा मनगट पाहिलं. "अभी तो भाग रही थी! बंद कैसे की? बटन किधर है?"

गुरुनाथांना जीपमध्ये बसवलं. "डॉक्टर बोले बीमार, तो घर. नहीं तो थाने."

दवाखान्यात नेहमीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली. "बहात्तर. इनको कुछ नहीं है."

गुरुनाथांना कोठडी दिसू लागली.

"अहो, थोडं घाबरा ना!" उल्काताई रडवेल्या झाल्या.

"घाबरलोच आहे गं!"

इन्स्पेक्टरने मुन्शीजींचा रिपोर्ट सहीसाठी पुढे केला. डॉक्टर वाचू लागले : 'नाडी मोजण्यापलीकडे वेगवान, पण एकसारखी. प्रत्येक ठोक्याला गळ्याची शीर उडते. तळहात गार, चेहरा पांढरा. तोंडावर पाणी मारताच सर्व एका क्षणात बंद.'

डॉक्टर खुर्चीतून उठले. "ये किसने लिखा?"

मुन्शीजी भिंतीला टेकले. "मैंने जी. ग़लती हो गई?"

"मेरे कॉलेज के लड़के पाँच साल डॉक्टरी पढ़कर ऐसा नहीं लिखते!" डॉक्टर गुरुनाथांकडे वळले. "सबनीस साहब, माफ़ करना. ठंडे पानी से एकदम रुक जाए, वो वहम नहीं, दिल की ही बीमारी है. दवा देता हूँ."

रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, 'निष्कर्ष : इसम अतिरेकी असावा.' डॉक्टरांनी ती ओळ खोडली, वर आजाराचं नाव लिहिलं आणि सही केली. आजारी ठरल्याच्या आनंदात गुरुनाथांनी इन्स्पेक्टरचाच हात हातात घेऊन हलवला.

बाहेर पडताना उल्काताई मुन्शीजींपाशी रेंगाळल्या.

"भाईसाहब, ज़रा मेरे घुटने भी देखेंगे?"

मुन्शीजींनी खिशातून वही काढली.