उंदरांची पंगत

नंदिनीचं लग्न झालं ते साल एकाहत्तर. मांडव उतरला आणि लगोलग तिच्या भावाचे, कृष्णातचे, पांढरे उंदीर मंगळवार पेठेतल्या घरी राहायला आले. कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं. घराच्या पुढच्या ज्या सोप्यात वऱ्हाड जेवलं, तिथं आता पिंजऱ्यांच्या दोन रांगा लागल्या.

कृष्णातचा अभ्यास व्यसनाचा. तंबाखूनं मेंदूतली रसायनं कशी बदलतात, हे त्याला शोधायचं होतं. एका रांगेच्या खाण्यात तंबाखू, दुसरीच्या खाण्यात नुसते दाणे. मग दोन्हींचे मेंदू ताडून बघायचे. सगळी उमेद त्यानं यातच घातली होती. डॉक्टरेट मिळाली तर नोकरी पक्की, नाहीतर गावी मुरगूडला जाऊन ऊस भांगलायचा.

घरात दुसरं माणूस म्हणजे आत्ती, चिमणाबाई. आईमागं भावंडांना तिनंच वाढवलं. तिला सकाळी दाताला भाजल्या तंबाखूची मिसरी, जेवल्यावर मिसरी आणि रडू आलं तरी मिसरीच.

श्रावणात पुण्याहून मार्गदर्शक सर आले. व्यसन खरंच लागलंय का ते बघायला त्यांनी दोन दिवस सोप्याला कुलूप लावून साऱ्या उंदरांना नुसते दाणे घातले. कुलूप काढलं, तर दोन्ही रांगा गज चावत थयथयाट करत होत्या.

“कृष्णात, यातले तंबाखू न खाणारे कुठले?”

“ह्या बाजूचे, सर.”

“ते तर जास्तच तडफडतायत!”

चिमणाबाई दारातून म्हणाली, “तडफडतील न्हाय तर काय? दोन दिस चिमूटभर मिसरी न्हाय बिचाऱ्यांस्नी.”

“आत्ती! तू मिसरी घालत होतीस ह्यांना?”

“मग! एका पंगतीला वाढायचं आन दुसरीनं तोंडाकडं बघत बसायचं? आपल्यात असला पंक्तिप्रपंच करत न्हाईत. सर, तुमच्या पुण्यात करत्यात व्हय?”

सरांनी चष्मा पुसला. निघताना एवढंच म्हणाले, “नवे उंदीर घे. शेवटची संधी. आणि घरात मिसरीचा कणसुद्धा नको.”

चिमणाबाईनं आपल्या हातानं डबा गटारात रिकामा केला. “तू डाक्टर हो. माझं काय, म्हातारीचं!”

नवे उंदीर आले आणि घराचे ग्रह फिरले. चहात मीठ पडलं. “पाणी घालतोस आन वर दात काढतोस?” म्हणून तिनं गवळी पिराजीला हाकललं, दूध तुटलं. शेजारच्या बनाबाईशी भांडली, तिच्या नळाचं पाणी तुटलं. मग तिचं बोलणंच तुटलं. कोपऱ्यात डोकं धरून बसली.

“किस्ना, डोस्कं फुटाय लागलंय. मी मागत न्हाय की. नुसतं सांगतो.”

तिच्या मेंदूत काय चाललंय ते कृष्णातला नीट ठाऊक होतं. त्यावर करायचं काय, ते अजून कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. तो बाजारात गेला, तंबाखू आणली, स्वतः चूल पेटवून तव्यावर भाजली. ठसक्यानं डोळे भरून आले.

“जाळलीस की रं!” चिमणाबाईनं दात घासत तोंड वाकडं केलं. “एवढं शिकून मिसरी भाजाय येत न्हाय.” मग ती दचकली. “आन तुझं डाक्टर व्हायचं?”

“ऱ्हाऊ दे.”

जरा तरतरी आल्यावर ती उठली, चिमूटभर मिसरी मुठीत घेऊन सोप्यातल्या उंदरांकडं निघाली. कृष्णातनं तिला अडवलं नाही.

त्याला डॉक्टरेट मिळाली नाही. चिमणाबाई शहात्तर सालच्या चैत्रात तोंडाच्या कॅन्सरनं वारली.