उणे चार

पवनचक्की म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, रविवारपर्यंत फिरवून दाखवते, असं मी सासऱ्यांना ठणकावून सांगितलं तेव्हा बुधवार होता.

मी शाळेत व्याकरण शिकवते. माझ्या हातात पेचकस म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं ह्यांचं ठाम मत. हे त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी ह्यांनी लोखंडी खांब उभा केला, भंगारातल्या व्यायामयंत्राची मोटर त्यावर चढवली, पाती बसवली, ती पसंत पडली नाहीत म्हणून काढून टाकली. आणि नवी करायच्या आधीच एका दुपारी छातीत कळ आल्याचं निमित्त होऊन गेले. त्याला आठ महिने झाले.

तेव्हापासून सासरे दिवसाला मोजून सहा शब्द बोलायचे. त्यातले तीन 'हो' आणि तीन 'नको'.

मी प्लास्टिकचा पाइप आणि करवत घेऊन बसले. पहिलं पातं विळ्यासारखं झालं, दुसरं उलथण्यासारखं. सासरे दारात उभे राहून बघत होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला ते किती वेळ बघवणार?

"कागद आण," ते म्हणाले.

वर्तमानपत्रावर त्यांनी पात्याचा नमुना बेतला आणि टेपने तीनदा मापला.

"तिन्ही एका मापाची हवीत. एक बाही आखूड झाली की सगळा सदरा ओढला जातो." मग टेप गुंडाळत म्हणाले, "त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा अर्धा इंच लांब होता. कॉलेजात जाईपर्यंत सदरे मीच शिवायचो ना."

बावीस वर्षं संसार केला, पण हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही पाती चढवली. मोटरच्या दोन वायरी मी ह्यांच्या व्होल्ट मोजायच्या मीटरला जोडल्या. वारा आला, चक्की फिरली, आणि मीटरवर आकडा उमटला. उणे चार.

व्याकरणवालीला उणे म्हणजे कमी, एवढंच कळतं.

"बाबा, ही वीज करत नाहीये. खातेय."

"कोणाची?"

हे काही मला सुचलं नव्हतं. पण शेजारी कपडे वाळत घालणाऱ्या तळमजल्यावरच्या काकूंना लगेच सुचलं. बातमी त्यांच्याबरोबर जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा चक्की साऱ्या इमारतीची वीज खात होती. तळमजल्यावर पोचली तेव्हा महिनाभर खात होती. इमारतीचे चिटणीस बनियनवरच धावत आले.

"तरीच माझा पंखा रेंगाळतोय. बंद करा आधी ही."

"हिला खटका नाहीये."

"मग चालते कशावर?"

"वाऱ्यावर."

"मग तो बंद करा," असं बोलून गेल्यावर चिटणिसांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी दोरीवरची ओली चादर ओढली आणि पात्यांवर टाकली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर चादरीचं दुसरं टोक मीच धरलं होतं. चादर गुंडाळली गेली, खांब गदगदा हलला आणि एक पातं मोडून सासऱ्यांच्या पायाशी पडलं.

तेवढ्यात काकू वायरमनला घेऊन वर आल्या. तो ह्यांचा जुना दोस्त. त्याने मीटर हातात घेतला, वायरी चाचपल्या.

"वहिनी, लाल वायर काळीच्या जागी लागलीय. म्हणून उणे दिसतंय. वीज व्यवस्थित तयार होत होती."

चिटणीस फाटकी चादर घडी घालू लागले. काकूंना गॅसवर दूध असल्याचं आठवलं. मी टाकीला टेकून खाली बसले. ह्यांची चक्की आठ महिन्यांनी फिरली होती, आणि मीच ती मोडली होती.

सासऱ्यांनी पात्याचे तुकडे उचलले. "चार म्हणजे बरी का रे?" त्यांनी वायरमनला विचारलं.

"बरी म्हणजे? दादाची अडीचच्या वर कधी गेलीच नाही."

"बारा गेली होती," मी म्हटलं. "ह्यांनी खाली येऊन मला सांगितलं होतं."

वायरमन पक्कड पुसत राहिला.

तो दिवस मला आठवला. मी उत्तरपत्रिका तपासत होते. "बारा व्होल्ट आले," हे म्हणाले, आणि मी मान वर न करता "छान" म्हटलं होतं. बारा सांगूनही ह्यांच्या वाट्याला तेवढंच आलं. अडीच सांगायची हिंमत त्या माणसाला कुठून होणार होती?

सासऱ्यांनी त्या आठवड्यात नवं पातं कापलं. पुढच्या रविवारी मी वायरी दोनदा तपासून जोडल्या. वारा बेताचाच होता.

"चार पूर्णांक एक," मी वाचलं.

सासऱ्यांनी वाकून आकडा स्वतः वाचला. मग म्हणाले, "कोणी विचारलं तर दोन सांग."

"का?"

"त्याचे अडीच होते."

तेव्हापासून चिटणिसांना, काकूंना, शाळेतल्या सगळ्यांना मी दोनच सांगते. खरा आकडा आज तुमच्यापुढे बोलून गेले खरी. तेवढा पोटात ठेवा.